प्रशिक्षित ग्रंथपाल, कुलूपबंद ग्रंथालय

दरवर्षी १२ ऑगस्टला महाविद्यालयांतून ग्रंथपाल दिन साजरा होतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, दोन टेबले जोडून नव्या पुस्तकांचे प्रदर्शन मांडले जाते, प्राचार्य दोन शब्द बोलतात आणि त्या दोन शब्दांत ‘ग्रंथालय हे महाविद्यालयाचे हृदय आहे’ हे वाक्य हटकून येते. मी बत्तीस वर्षे हे वाक्य ऐकले. कार्यक्रम संपला की प्राचार्य कार्यालयात जातात, प्राध्यापक वर्गावर जातात आणि ग्रंथपाल पुन्हा देवघेवीच्या खिडकीत जाऊन बसतो. कारण तिथे बसायला दुसरे कोणी नसते.

या लेखाचा विषय म्हटला तर त्या खिडकीएवढाच आहे. महाविद्यालयीन ग्रंथपालाला आपल्या नोकरीत समाधान मिळते का, आणि त्याने सतत नवे शिकत राहावे म्हणून जी व्यवस्था गेल्या साडेतीन दशकांत उभी राहिली तिचा त्या समाधानाशी काही संबंध आहे का? आपल्या विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्राच्या पीएच.डी.साठी हा विषय भलताच आवडता आहे. जिल्हा बदलायचा, प्रश्नावली तीच ठेवायची. ‘पूर्ण समाधानी’पासून ‘पूर्ण असमाधानी’पर्यंत पाच चौकटी, त्यांतल्या एकीत खूण. अशा प्रश्नावल्या मीही पुष्कळ भरून दिल्या. बहुतेक वेळा ‘समाधानी’वर खूण केली, कारण प्रश्नावली घेऊन आलेला माणूस ओळखीचा असे आणि त्याला संध्याकाळची एस.टी. गाठायची असे. तेव्हा त्या प्रबंधांतल्या टक्केवारीबद्दल मला फारसे बोलायचे नाही. जे पाहिले आणि जे कागदोपत्री सर्वांसमोर आहे, त्यावरूनच बोलतो.

रंगनाथन कंटाळले होते

ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो त्यांची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण भाषणांत ती अर्धीच सांगितली जाते. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत अगदी कंटाळून गेले. वर्गात मुलांसमोर उभे राहण्याची सवय असलेल्या माणसाला तो एकान्त सोसेना. प्रेसिडेन्सी कॉलेजात परत घ्या, अशी गळ त्यांनी घातली. आधी विलायतेला जाऊन या कामाचे शिक्षण घ्या, आल्यावर मन रमले नाही तर पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. लंडनला त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजात सेयर्स यांच्या हाताखाली अभ्यास केला, तिथली ग्रंथालये हिंडून पाहिली, आणि परतले ते वेगळेच होऊन. पुढे १९३१ साली त्यांची पाच सूत्रे प्रसिद्ध झाली, १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण आले. हा सगळा इतिहास ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो.

यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भारतीय ग्रंथालयशास्त्राचा प्रारंभच एका असमाधानी ग्रंथपालापासून झाला, आणि त्याच्या असमाधानावर प्रशिक्षण हा उपाय लागू पडला. तो का लागू पडला? रंगनाथन परत आले तेव्हा मद्रासचे ग्रंथालय त्यांच्या हाती होते. कपाटे उघडी करणे, वेळ वाढवणे, वाचकाजवळ जाऊन बसणारा माणूस नेमणे, पुस्तकांची मांडणी बदलणे हे सारे करून पाहण्याची त्यांना मुभा होती. जे शिकले ते दुसऱ्या दिवशी कामात उतरवता येत होते. ही मुभा वगळून फक्त शिक्षणाची नक्कल केली तर काय होते, ते आपण आज पाहत आहोत.

मराठी माणसाला या बाबतीत मद्रासइतकेच बडोदे जवळचे वाटायला हवे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानात गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. ग्रंथपाल तयार करणारा आपल्या देशातला पहिला वर्ग तिथेच भरला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक तिथून निघू लागले, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. बडोद्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी ग्रंथालये काढायची ठरली, मग तिथे माणसे लागतील म्हणून वर्ग काढला. आपल्याकडे आता वर्ग आहेत, प्रमाणपत्रे आहेत, पदव्या तर मुबलक आहेत. नाही ती जागा.

पगार वाढला, माणसे घटली

१९५७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथपालाचा दर्जा आणि वेतन अध्यापकाच्या बरोबरीने असावे, अशी शिफारस तिने केली. ती महाविद्यालयांच्या दारापर्यंत यायला जवळपास तीस वर्षे लागली. १९८६च्या वेतनश्रेणीत ठरलेली पात्रता असलेल्या महाविद्यालयीन ग्रंथपालाला अधिव्याख्यात्याची २२००-४००० ही श्रेणी मिळाली. मी १९८९ साली नोकरीला लागलो तो या बदलाच्या लाटेवरच. माझ्या आधीचे ग्रंथपाल निवृत्त होईपर्यंत कारकुनाच्या वरच्या पायरीवरचा पगार घेत होते आणि प्राध्यापकांच्या खोलीत चहाला कधी बसले नव्हते. मी बसू लागलो. आज सातव्या आयोगानंतर सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्याने ‘अध्यापक’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे तिच्यात महाविद्यालयाचा ग्रंथपाल स्पष्टपणे येतो. पगाराबद्दल तक्रार करण्याचा अधिकार माझ्या पिढीला तरी उरलेला नाही.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आमच्या संघटनांनी कधी मोकळेपणाने मांडली नाही. पद प्राध्यापकाच्या तोलाचे झाले, म्हणजे तेवढेच महागही झाले. प्राध्यापक नसला तर तास रिकामा जातो, मुले ओरडतात, पालक येतात. ग्रंथपाल नसला तर कोणी ओरडत नाही. तेव्हा खर्चात काटकसर करायची वेळ आली की हात पहिल्यांदा कुठे जाणार, हे सांगायला नको. राज्यात अनेक वर्षे पदभरती अडलेली होती. २०१८च्या नोव्हेंबरात शासनाने ४,७३८ पदे भरायला परवानगी दिली, त्यात सहायक प्राध्यापकांची ३,५८० होती आणि ग्रंथपालांची १६३. अनुदानित वरिष्ठ महाविद्यालये हजाराहून अधिक आहेत. ज्या ठिकाणी ग्रंथपाल निवृत्त झाला आणि नवा आला नाही, तिथे ‘कार्यभार’ नावाची युक्ती वापरली जाते. वाणिज्य किंवा भूगोलाच्या एखाद्या सरांकडे किल्ल्या दिल्या जातात. सर आपले तास सांभाळून जमेल तेव्हा सही करतात. कागदावर ग्रंथालय चालू राहते.

बरोबरीची आणखी एक गंमत सुट्टीत कळते. दिवाळीत आणि उन्हाळ्यात अध्यापकवर्ग गावी जातो आणि कायद्याने अध्यापक असलेला ग्रंथपाल कार्यालयाच्या वेळापत्रकाने ग्रंथालय उघडून बसतो. त्याच्या बदल्यात अर्जित रजा मिळते हे खरे. पण पगाराच्या वेळी शिक्षक, सुट्टीच्या वेळी शिक्षकेतर आणि अभ्यास मंडळाच्या वेळी कोणीच नाही, असे हे त्रिशंकूपण माणसाला आतून पोखरते. याची नोंद पाच चौकटींच्या प्रश्नावलीत होत नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली आपल्या सहकाऱ्यांसह एक पुस्तक प्रसिद्ध केले. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना त्यांनी विचारले होते की, नोकरीत तुम्हांला फार बरे कधी वाटले आणि फार वाईट कधी? उत्तरांवरून त्यांनी असे मांडले की समाधान आणि असमाधान ही एकाच काठीची दोन टोके नव्हेत. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक हे नीट असले तर माणूस कुरकुरत नाही, इतकेच. समाधान मात्र वेगळ्याच गोष्टींतून येते. काहीतरी साधल्याचे कळणे, ते दुसऱ्याने ओळखणे, प्रत्यक्ष काम, जबाबदारी आणि वाढ यांतून ते येते. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. चांगले घडले तर ते माझ्यामुळे आणि वाईट घडले तर ते साहेबामुळे, असे माणूस सांगणारच, हा आक्षेप तर अगदी घरगुती शहाणपणाचा आहे. तरीही ग्रंथपालांच्या बाबतीत हर्झबर्ग मला पटतो. १९८६ने आमची कुरकुर थांबवली. समाधान द्यायचे तर काम द्यायला हवे होते.

खिडकीचे गणित

रंगनाथन गणिती होते, त्यामुळे ग्रंथालयात किती माणसे हवीत याचेही त्यांनी सूत्र करून ठेवले आहे. देवघेवीची एक खिडकी वर्षाला १,५०० तास उघडी ठेवायची तर एक माणूस. वर्षाला ६,००० ग्रंथ येणार असतील तर त्यांच्या खरेदीसाठी एक. दर ५०० नियतकालिकांमागे एक. रोज येणाऱ्या दर ५० वाचकांमागे, त्यांना हवे ते शोधून देण्यासाठी, एक.

आता तालुक्याच्या गावचे मध्यम महाविद्यालय घ्या. ग्रंथालय दिवसाला १० तास, वर्षाला २८० दिवस उघडे. म्हणजे २,८०० तास. एका खिडकीलाच जवळजवळ दोन माणसे लागली. रोज ३०० मुले येत असतील तर संदर्भसेवेला सहा. खरेदी, वर्गीकरण, तालिकीकरण, कपाटांची देखभाल हे धरून बेरीज दहा-अकरावर जाते. ही अवास्तव चैन आहे, असे कोणी म्हणेल आणि मीही वाद घालणार नाही. सूत्राला निम्मे करा, हवे तर तिसरा हिस्सा धरा. आमच्याकडे माझ्या नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत एक ग्रंथपाल आणि दोन परिचर होते. त्यांतले एक परिचर परीक्षेच्या दिवसांत परीक्षा विभागाकडे वर्ग होत. परीक्षांचे दिवस सत्रपद्धतीत किती असतात, हे वाचकांना ठाऊक आहेच.

या पार्श्वभूमीवर प्रशिक्षणाकडे पाहा. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, २०१५ साली ती मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि २०२३ साली सुरू झालेल्या मालवीय मिशनमध्ये त्यांना तिसरे नाव मिळाले. पाटी बदलली तरी रचना तीच. नव्याला काही आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, जुन्याला उजळणी वर्ग, आणि वरची श्रेणी हवी तर त्यांची प्रमाणपत्रे सक्तीची. कल्पना उत्तम होती. माझा पहिला उजळणी वर्ग मला अजून आठवतो. निरनिराळ्या जिल्ह्यांतले तीसेक ग्रंथपाल एकत्र आलेले, त्यांतल्या बहुतेकांना कित्येक वर्षांत आपल्या कामाबद्दल बोलायला दुसरा ग्रंथपाल भेटलेला नव्हता. वसतिगृहाच्या व्हरांड्यात रात्री एक वाजेपर्यंत गप्पा चालत. विषय काय, तर हरवलेली पुस्तके, बांधणीवाले, वाळवी आणि प्राचार्य. एका महाविद्यालयात एकच ग्रंथपाल असतो. भूगोलाच्या प्राध्यापकाला बाजूच्या खुर्चीवर निदान दुसरा भूगोलवाला तरी असतो. हा व्यवसायच एकट्याचा आहे आणि त्या तीन आठवड्यांतले खरे शिक्षण व्याख्यानांपेक्षा त्या व्हरांड्यात झाले, असे माझे आजही मत आहे. आता तेच वर्ग पडद्यावर होतात. प्रवास वाचला, खर्च वाचला. व्हरांडाही गेला.

दुसऱ्या वर्गाची गोष्ट वेगळी. पत्र घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो. ते सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, ‘‘तुम्ही जा हो, माझी कुठे ना आहे? पण तीन आठवडे खिडकीत कोण बसणार, तेवढे सांगून जा.’’ मला सांगता आले नाही. पुढच्या वर्षी गेलो, तो मे महिन्यात, स्वतःच्या रजेच्या दिवसांत. यात प्राचार्यांचा दोष नव्हता. माणूस शिकायला पाठवायचा तर त्याच्या जागी बदली माणूस द्यावा लागतो, ही साधी तरतूद कोणत्याच परिपत्रकात नव्हती. प्रशिक्षणाचा खर्च मोजताना आपण भत्ता आणि मानधन मोजतो, रिकामी खुर्ची मोजत नाही.

आणि शिकून आल्यावर? माझ्या पिढीने कार्डांच्या पेट्यांपासून सुरुवात केली. नव्वदच्या दशकात युनेस्कोचे सीडीएस-आयसिस आले, त्यात देवनागरी उमटवायला पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड लागे. पुण्याच्याच आयुकात १९९१ साली प्रकल्प म्हणून सुरू झालेले इन्फ्लिबनेट १९९६ साली स्वतंत्र केंद्र झाले आणि त्याच्याकडून ‘सोल’ ही प्रणाली आली. मग न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, फुकट मिळणारी ‘कोहा’. प्रत्येक वेळी शिकलो. आयसिस शिकून आलो तेव्हा ग्रंथालयात संगणकच नव्हता. तो चार वर्षांनी आला आणि पहिल्यांदा कार्यालयात गेला. सोल आली तेव्हा संगणक होता, पण पंचवीस हजार पुस्तकांच्या नोंदी भरायला माणूस नव्हता. त्या मी आणि माझ्या पत्नीने (तिचा ग्रंथालयाशी काही संबंध नव्हता) दोन उन्हाळ्यांत भरल्या. कार्यसमाधान कशाला म्हणतात ते मला त्या दोन उन्हाळ्यांत कळले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहिल्या मुलाने संगणकावर लेखकाचे नाव टाकून पुस्तक शोधले तेव्हा मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो.

गुणांची शेती

२०१०च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी गुणांकन आणले. शोधनिबंध, चर्चासत्रे, पुस्तके, प्रत्येकाला गुण. प्राध्यापकांसाठी केलेले माप थोडे आखूड-लांब करून ग्रंथपालालाही लावले गेले. परिणाम जो व्हायचा तोच झाला. ग्रंथपाल निबंध लिहू लागले. कोठे छापून येतील ते पाहू लागले. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली होतीच. अनुदान आयोगाला २०१८ साली आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ साली बंद करण्यात आली.

मला यात बोचते ते असे. अस्सल नियतकालिक कोणते आणि बनावट कोणते, हे महाविद्यालयात एकाच माणसाला कळायला हवे, तो म्हणजे ग्रंथपाल. ती त्याची विद्या आहे. प्राध्यापकांना सावध करणे हे त्याचे काम. त्याऐवजी त्यालाच त्या बाजारात उभे केले गेले आणि आमच्यातले पुष्कळजण उभे राहिले. मीही एक निबंध तसा छापून घेतला आहे. त्याचे शीर्षक सांगणार नाही.

गेल्या काही वर्षांत कामे मात्र वाढली. २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम आले, २०१९ पासून त्यासाठीची तपासणी प्रणाली विद्यापीठांना मिळाली. नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, पुढे दंडाच्या पायऱ्या चढतात. संशोधन केंद्र असलेल्या महाविद्यालयांत ही तपासणी बहुधा ग्रंथपालाच्या गळ्यात पडली. एरवी ग्रंथालयाची पायरी न चढणारे मार्गदर्शक आता खुर्ची ओढून बसू लागले आणि आवाज उतरवून विचारू लागले, ‘‘सर, तेवढा टक्का जरा खाली आणता येईल का?’’ प्रतिष्ठा म्हणतात ती ही, असे मी मनात म्हणे.

त्याआधी २०१० साली ‘एन-लिस्ट’ आली होती. अल्प वर्गणीत हजारो नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके, तालुक्याच्या गावी बसून. ही खरोखर मोठी गोष्ट होती. मी प्रत्येक प्राध्यापकाला परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून दिला. नॅकची समिती येण्याच्या दोन महिने आधी निम्म्याजणांनी तो पुन्हा मागितला, कारण वापराचे आकडे दाखवायचे होते. दोष एकट्या प्राध्यापकांचा नाही. या साठ्यातून आपल्या विषयाचे नेमके कसे काढायचे, हे शेजारी बसून दाखवावे लागते. रंगनाथन यांच्या हिशेबातले ते संदर्भसेवेचे सहा ग्रंथपाल इथे हवे होते. आता ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ आली आहे. केंद्र सरकारने २०२४च्या नोव्हेंबरात तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. सहा हजार कोटींची विहीर खोदली, हे चांगलेच झाले. दोर आणि पोहरा धरणाऱ्या माणसांसाठी किती ठेवले आहेत?

मामा आणि हरवलेली पुस्तके

कर्मचारीविकास हा शब्द आपण ग्रंथपालापाशीच थांबवतो. परिचरापर्यंत तो पोहोचतच नाही. आमच्याकडे एक परिचर होते. सगळे महाविद्यालय त्यांना मामा म्हणे. दहावी झालेले. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर, कोणत्या रंगाच्या बांधणीत आहे, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. त्यांनी चाळिशीत बारावी केली, मग ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी आणि ग्रंथालयशास्त्राचीही पदवी मिळवली. परीक्षेला जाताना माझ्या पाया पडत, मला संकोच होई. त्यांचा अर्ज तीनदा वर गेला. सहायक ग्रंथपालाचे पद आकृतिबंधात नाही, असे उत्तर तीनदा आले. मामा परिचर म्हणून लागले, परिचर म्हणूनच निवृत्त झाले. शेवटची काही वर्षे ते फारसे बोलत नसत. मुलगा पुस्तक मागायला आला की ‘संगणकावर बघ’ म्हणत. वाढ खुंटलेल्या माणसाचे काय होते, हे हर्झबर्गच्या पुस्तकापेक्षा मी मामांकडे पाहून शिकलो.

दुसरी गोष्ट भीतीची. हरवलेल्या पुस्तकांची. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत शहाणपणाची तरतूद आहे. वर्षभरात वापरल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले तर ते वाजवी समजावे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा वा हयगय नसावी. हजार रुपयांवरचे आणि दुर्मीळ ग्रंथ असतील तर चौकशी करावी. खाजगी संस्थांच्या महाविद्यालयांत या तरतुदीची आठवण कोणाला करून दिली की ‘ते दिल्लीचे झाले’ असे उत्तर मिळते. तिथे परंपरेने चालत आलेला नियम एकच, जे कमी भरेल ते ग्रंथपालाकडून वसूल. माझ्या ओळखीच्या एका ग्रंथपाल बाईंची उपदानाची रक्कम अशा हिशेबापायी दीड वर्ष अडकून पडली होती. पुस्तके हरवली होती ती वीस वर्षांत, थोडीथोडी, आणि मुख्यतः प्राध्यापकांच्या घरी.

हे डोक्यावर असताना ग्रंथपाल काय करील? कपाटाला कुलूप लावील. पहिले सूत्र सांगते की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. मुक्तप्रवेशाचे फायदे उजळणी वर्गात तासभर सांगितले जातात, ग्रंथपाल ते वहीत उतरवून घेतो आणि परत येऊन किल्ली जानव्याला बांधतो. त्याला तुम्ही आणखी दहा वर्गांना पाठवा, कुलूप निघणार नाही. ते काढायला दर हजारी पाचचा नियम विद्यापीठाने एका ठरावाने सगळ्या महाविद्यालयांना लागू केला तरी पुरे. त्याला पैसा लागत नाही. बदली माणसाला लागतो, पण फार नाही. एका तालुक्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक पात्र तरुण फिरता ठेवला तर चौघेही पाळीपाळीने शिकायला जाऊ शकतात, आणि ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन, नेट-सेट होऊन घरी बसलेल्या मुलामुलींची आज वाण नाही.

एवढे सगळे असूनही आम्ही या कामात टिकलो ते कशामुळे? एक प्रसंग सांगतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. तिचे गाव धरणाखाली गेले होते, तिच्या जन्माच्या आधीच. आजीच्या तोंडून ऐकलेल्या त्या गावाबद्दल कुठे काही छापलेले आहे का, असे तिने विचारले. जिल्ह्याचे जुने गॅझेटियर काढले, जनगणनेची हस्तपुस्तिका काढली. गावाचे नाव, घरांची संख्या, विहिरी, आठवड्याचा बाजार, देवीची यात्रा, असे सगळे मिळून दोन पाने निघाली. ती तिने तिथेच उभ्या उभ्या वाचली. मग विचारले, ‘‘सर, याची झेरॉक्स मिळेल? आजीला वाचून दाखवायचीय.’’ मामांनी पानांना हात लावू दिला नाही, स्वतः जाऊन झेरॉक्स काढून आणली आणि पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी कोणी प्रश्नावली आणली असती, तर मी ‘पूर्ण समाधानी’वर खूण केली असती. मामांनीही केली असती, पण त्यांना कोणी प्रश्नावली देत नसे.

२०२१ साली मी निवृत्त झालो. पद भरण्याची परवानगी आली नव्हती. कार्यभार वाणिज्य शाखेच्या एका तरुण सरांकडे द्यायचे ठरले. रीतीप्रमाणे पुस्तके मोजून द्यायची होती. आम्ही दोघे दाखलनोंदवही घेऊन बसलो, मी क्रमांक वाचायचा आणि त्यांनी खूण करायची. सहाशेव्या पुस्तकापाशी ते म्हणाले, ‘‘सर, असं करू या का, तुम्ही सगळी आहेत म्हणून लिहून द्या, मी मिळाली म्हणून सही करतो.’’ मग किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन त्यांनी विचारले की, यातली वाचनकक्षाची कोणती आणि रोज उघडावाच लागतो का?